दप्तरदारांच्या अंगणातला उन्हाचा कोपरा

बडोद्यात दप्तरदार घराणं कोणाला माहीत नाही, असं लक्ष्मीकांतराव दप्तरदार नेहमी म्हणत. अकोट्यातल्या त्यांच्याच सोसायटीचा वॉचमन त्यांना 'सात नंबरवाळा काका' एवढ्याच नावाने ओळखत असे, पण घराण्याचा अभिमान असल्या बारीकसारीक गोष्टींवर थोडाच अवलंबून असतो? त्यांचे आजोबा संस्थानच्या नोकरीत होते. नेमक्या कोणत्या हुद्द्यावर, हे ऐकणारा कोण आहे त्यावर ठरे. घरच्या माणसांत आजोबा साधे कारकून असत, पाहुण्यांसमोर कारभारी होत, आणि पाहुणा बाहेरगावचा निघाला तर सरळ दिवाणसाहेबांचा उजवा हात. त्या आजोबांची पगडी दिवाणखान्यात काचेच्या कपाटात होती. तिचा अभिमान बाळगण्याचं काम लक्ष्मीकांतरावांकडे होतं आणि तिच्यावरची धूळ पुसण्याचं त्यांच्या पत्नीकडे, म्हणजे निरुपमाबाईंकडे.

निरुपमाबाईंना पगडीबद्दल तक्रार नव्हती. तशी त्यांना कशाबद्दलच तक्रार करायला सवड मिळाली नव्हती. अंधारात उठायचं, डबे भरायचे, मराठी शाळेतल्या तळमजल्यावरच्या वर्गात ट्यूबलाइटखाली मुलांना बाराखडी शिकवायची, आणि घरी येऊन उत्तरेकडे तोंड असलेल्या स्वयंपाकघरात पुन्हा दिवा लावायचा. असा सगळा जन्म गेला. थोरामोठ्यांच्या इच्छा थोरमोठ्या असतात. कोणाला काशीला जायचं असतं, कोणाला अमेरिकेतल्या नातवाकडे. निरुपमाबाईंची इच्छा एवढीच होती, की रिटायर झाल्यावर सकाळी चहाचा कप घेऊन उन्हात बसायचं. ऊन फुकट असतं आणि देवाने ते सगळ्यांसाठी दिलेलं आहे, असा त्यांचा भाबडा समज होता.

त्यांचं घर म्हणजे बडोद्यात ज्याला टेनामेंट म्हणतात ते, खाली दोन खोल्या, वर दोन, पुढे फरशीचं अंगण. घेतलं तेव्हा अंगणभर ऊन होतं. मग एका बाजूला सात मजली इमारत उठली आणि तिच्याशी स्पर्धा म्हणून दुसऱ्या बाजूला दुसरी. पहिलीला बिल्डरने सूर्याचंच नाव दिलं होतं. माणसाला विनोदाचं अंग असावं तर असं! एवढं होऊनही अंगणाच्या एका कोपऱ्यात, तुळशीपाशी, दोन इमारतींच्या फटीतून ऊन येत राहिलं. थंडीच्या दिवसांत चहाच्या वेळी यायचं आणि जेवणाच्या वेळी जायचं. निरुपमाबाई रिटायर झाल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या कोपऱ्यात वेताची खुर्ची ठेवली, लुगड्याच्या जुन्या चौघडीची घडी पाठीशी घेतली आणि दुखरे गुडघे उन्हात पसरून त्या बसल्या. तिथे बसून त्या शेंगा सोलत, वर्तमानपत्र वाचत, कुंपणापलीकडच्या कौशल्याशी बोलत, आणि बऱ्याचदा काहीच करत नसत. आयुष्यात पहिल्यांदाच काही न करता बसलेल्या बाईचा चेहरा कसा दिसतो, हे बघायला लक्ष्मीकांतराव घरी नव्हते. ते तेव्हा गोरव्याच्या एका कारखान्यात खरेदी अधिकारी होते. ऊन यायच्या आत जात आणि ऊन गेल्यावर येत.

मग तेही रिटायर झाले.

रिटायर झालेला पुरुष घरात म्हणजे देव्हाऱ्यात न बसणारी मूर्ती. ठेवायची कुठे हा प्रश्न, आणि हलवली की पाप. सुरुवातीला लक्ष्मीकांतरावांनी स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले. त्यानंतर आठवडाभर हळद सापडली नाही. मग त्यांनी होमिओपॅथी शिकून घरातल्या घरात निरुपमाबाईंवर प्रयोग केले. त्या जगल्या. आणि मग दसऱ्याच्या सुमारास सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींत कोणीतरी घरच्या बागेची गोष्ट काढली, आणि लक्ष्मीकांतरावांना आठवलं की बाग आपल्या रक्तातच आहे.

"आजोबांना विचारल्याशिवाय वाड्यावर आंब्याचं कलम लागत नसे," ते म्हणाले.

"ते हिशेब लिहायचे ना?" निरुपमाबाईंनी विचारलं.

"आंब्यांचाच!"

झालं. मोबाइलवर त्यांनी बागेचे इतके व्हिडिओ बघितले की तेवढ्या वेळात एक शेत नांगरून झालं असतं. सगळे व्हिडिओ एकच सांगत होते: भाजीला ऊन हवं, भरपूर हवं, आधी घरातली उन्हाची जागा शोधा. लक्ष्मीकांतरावांनी शोध सुरू केला. खरेदी खात्यातला माणूस, चौकशी केल्याशिवाय खिळासुद्धा घेत नसे. त्यांनी होकायंत्र आणलं, खडू आणला, आणि अंगणात ऊन कुठवर येतं त्याच्या रेघा ओढायला सुरुवात केली. निरुपमाबाई तुळशीपाशी खुर्चीत बसून शेंगा सोलत होत्या.

"पाय जरा वर घे बरं," लक्ष्मीकांतराव खाली वाकून म्हणाले.

निरुपमाबाईंनी पाय वर घेतले. त्यांनी खुर्चीखालून रेघ ओढली. थोड्या वेळाने परत आले. "चप्पल उचल." चप्पल उचलली गेली. ऊन सरकलं तशी रेघ सरकली, आणि प्रत्येक रेघेच्या मधोमध त्यांची बायको बसलेली होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर कळशाला पाय वर घ्यायला सांगून वळसा चालला होता. निरुपमाबाईंना वाटत होतं, आता तरी हा माणूस मान वर करील. त्यांनी मान वर केली ती थेट सूर्याकडे.

"सापडलं!" ते ओरडले. "बराबर हाच कोपरा! अख्ख्या घरात एवढं ऊन कुठे नाही."

"माहीत आहे," निरुपमाबाई म्हणाल्या. "इथे मी बसते."

"हो, पण तू कुठेही बसू शकतेस," लक्ष्मीकांतराव त्यांना समजावत म्हणाले. "टोमॅटो कुठेही बसू शकत नाही."

टोमॅटोशी बरोबरी करायची वेळ येईल असं निरुपमाबाईंना लग्नात कोणी सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी टेम्पोतून कुंड्या आल्या. टोमॅटो, वांगी, मिरची, मेथी, कोथिंबीर, पावट्याचा वेल चढवायला बांबू. वेताची खुर्ची उत्तरेच्या ओट्यावर गेली, जिथे भर दुपारीसुद्धा चहा निवत असे. आणि तुळस? तुळसही हलली. लक्ष्मीकांतरावांच्या मते तिला एवढ्या उन्हाची गरज नव्हती, ती सवयीने घेत होती. तिला जिन्याखाली, कपडे धुण्याच्या साबणाशेजारी जागा मिळाली. निरुपमाबाई एवढंच म्हणाल्या, "अहो, तुळस आहे ती." आणि लक्ष्मीकांतराव म्हणाले, "सेट होऊन जाईल." दोघींना मिळून एकच उत्तर पुरलं.

खोटं कशाला बोला, बाग आली. नव्याचे नऊ दिवस जातील आणि कुंड्या ओस पडतील अशी निरुपमाबाईंना आशा होती, पण ती फळाला आली नाही. टोमॅटो आले ते फळाला. कारण उघड होतं. सकाळचं पाणी निरुपमाबाईच घालत, 'मला कंबरेतून वाकवत नाही' म्हणून. लक्ष्मीकांतराव उभं राहून माहिती देत. फिरायला जाणारे मित्र एकेक करून बाग बघायला येत, आणि निरुपमाबाई चहा करत. पहिला टोमॅटो पिकला तेव्हा तो आजोबांच्या पगडीपुढे वाटीत ठेवला गेला. त्याचे फोटो निघाले, ते नातेवाइकांत फिरले, आणि मग त्याच्या कागदासारख्या पातळ चकत्या करून मित्रांना प्रसादासारख्या वाटण्यात आल्या. निरुपमाबाईंना देठ मिळाला.

यापुढे तोडणी बंद झाली. 'फळ झाडावरच शोभतं,' असा लक्ष्मीकांतरावांनी सिद्धान्त काढला, कारण तोडलेली बाग मित्रांना दाखवता येत नाही. संक्रांतीच्या आदल्या दिवशी, भोगीला, घरोघरी मिसळीची भाजी होते. अंगणात जांभळी झळाळणारी वांगी लोंबत होती, पावटा बांबूवर मावत नव्हता. निरुपमाबाई कात्री घेऊन गेल्या, तर लक्ष्मीकांतराव आडवे आले. "ही नको! रविवारी मोहनराव येणार आहेत बघायला." मग ते स्वतः पिशवी घेऊन खंडेराव मार्केटला गेले आणि वांगी, पावटा विकत घेऊन आले. वांगी किडकी निघाली. ती त्यांनी मुकाट्याने खाल्ली आणि भाजी छान झाली म्हणाले. दाराशी बाग असताना बाजारातल्या अळ्या खाणं ही दप्तरदारी सगळ्यांना जमत नाही.

इकडे उत्तरेच्या ओट्यावर निरुपमाबाईंचे गुडघे लाकडासारखे झाले. जिना उतरताना त्यांना कठडा धरावा लागू लागला. डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "बेन, सकाळचं ऊन घेत जा." निरुपमाबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने समजल्यासारखी मान डोलावली. घरी परतताना त्यांनी स्कूटर थांबवली, औषधांच्या दुकानात गेले आणि विजयी चेहऱ्याने एक पाकीट घेऊन आले.

"हे बघ. आता ऊन गोळीत मिळतं. आठवड्यातून एकदा घ्यायची, बस. खुर्ची हलवायची कटकट नको."

निरुपमाबाईंनी पाकीट घेतलं. त्यांना राग आला, आणि तो नेहमीसारखा भांड्यांवर निघणारा राग नव्हता. रडायला आलं असतं तर बरं झालं असतं, पण तेही आलं नाही. हा माणूस वाईट नव्हता हेच मोठं दुःख होतं. वाईट असता तर भांडता आलं असतं. त्याने प्रेमाने गोळ्या आणल्या होत्या. त्याला खरोखरच माहीत नव्हतं की आपण काय उचलून कुठे ठेवलं आहे. त्या रात्री त्यांनी मनाशी ठरवलं, आपली जागा आपण परत घ्यायची, आणि दप्तरदारांना मान्य होईल अशा रीतीने घ्यायची.

दप्तरदारांना मान्य होणारी रीत म्हणजे रीतच. दरवर्षी संक्रांतीनंतर निरुपमाबाईंच्या घरी हळदीकुंकू असे. आळीतल्या, शाळेतल्या बायका येत, मराठी असोत की गुजराती. तिळगूळ, हळदकुंकू, आणि प्रत्येकीच्या हातात एक वाण. काहीतरी वस्तू, सवाष्णीने सवाष्णींना वाटायची, 'लुटायची' म्हणतात, ती नवऱ्याच्या दीर्घायुष्यासाठी.

"यंदा वाण काय द्यावं?" निरुपमाबाईंनी चहा ओतता ओतता विचारलं.

लक्ष्मीकांतरावांना मत विचारलेलं फार आवडे. "प्लॅस्टिकच्या डब्या तर मुळीच नकोत. दरवर्षी तेच. जो ने, बघ ना, माळ्यावर किती पडल्यात. काहीतरी जिवंत द्या. घरी नेलं की वाढेल, बाईला निसर्गाची गोडी लागेल, असं."

"असं म्हणता?"

"असंच म्हणतो. आजोबांच्या वेळी..."

"तुमच्या तोंडात साखर पडो," निरुपमाबाई म्हणाल्या, आणि खरोखरच एक जादा चमचा त्यांच्या चहात घातला.

हळदीकुंकवाचा मुहूर्त त्यांनी या वर्षी रथसप्तमीचा धरला. हळदीकुंकवाचा हा शेवटचा दिवस, आणि सूर्याचा पहिला मान. त्या दिवशी अंगणात तुळशीपाशी गोवऱ्या पेटवून बोळक्यात दूध तापवायचं आणि सूर्यासमोर उतू जाऊ द्यायचं. बायकांना त्यांनी सकाळीच बोलावलं. देवाची करणी अशी, की लक्ष्मीकांतरावांना त्याच सकाळी करजणला जायचं होतं. तिथे उदयसिंहरावांच्या, म्हणजे कौशल्याच्या यजमानांच्या, भावाचं शेत होतं आणि दोन वर्षांचं कुजलेलं शेणखत देण्याचं त्याने कबूल केलं होतं. दोघे उजाडताच उदयसिंहरावांच्या गाडीतून निघाले. निघताना लक्ष्मीकांतराव म्हणाले, "बायकांना बाग जरूर दाखव हं. पण हात लावू देऊ नकोस."

"हात लावल्याशिवाय कसं चालशे?" निरुपमाबाई पुटपुटल्या, पण गाडी सुरू झाली होती.

पहिल्यांदा त्यांनी तुळस जिन्याखालून बाहेर काढली. साबणाचं पाणी उडून तिची खालची पानं गळली होती. तिच्याकडे बघताना आपण आपल्याकडेच बघतोय असं त्यांना वाटलं. कौशल्याने एक बाजू धरली, त्यांनी दुसरी, आणि तुळस जुन्या जागी आली. गोवऱ्या पेटल्या. बायका जमल्या. दूध वर आलं, फेसाळलं, आणि कडेवरून ओघळून निखाऱ्यांवर चर्र झालं. सगळ्यांनी सूर्याला हात जोडले. मग हळदकुंकू झालं, तिळगूळ झाला, आणि निरुपमाबाई म्हणाल्या, "आता वाण घ्या. एकेकीने एकेक कुंडी उचला."

कोणी हललं नाही.

"वैनी," कौशल्या हळूच म्हणाली, "ही भावजींची बाग."

"त्यांच्याच आयुष्यासाठी लुटतेय ना? मग त्यांचीच वस्तू नको का?"

धर्मशास्त्र इतकं पक्कं होतं की कौशल्यानेही पदर खोचला. पहिली जसुबेन उठली, समोरच्या घरातली. तिने वांग्याचं भलंमोठं रोप छातीशी धरलं. "अरे निरुबेन, आ तो आखो बगीचो आपी दीधो तमे!" म्हणजे तुम्ही तर सगळी बागच देऊन टाकलीत. आणि मग बायका उठल्या. काठापदराच्या साड्यांतल्या, कपाळभर हळदकुंकू ल्यालेल्या बायका टोमॅटो, मिरच्या, मेथी कडेवर घेऊन फाटकातून बाहेर पडू लागल्या. पावट्याचा वेल दोघींनी बांबूसकट पालखीसारखा नेला. वॉचमन उठून उभा राहिला. अंगण रिकामं झालं, फरशीवर कुंड्यांचे ओले गोल उरले, आणि त्यांच्यावर ऊन पडलं.

निरुपमाबाईंनी ओट्यावरून वेताची खुर्ची आणली, घडी पाठीशी घेतली आणि बसल्या. ऊन गुडघ्यांत हळूहळू उतरलं. त्यांनी डोळे मिटले. खूप बरं वाटलं. थोडी भीतीही वाटली.

लक्ष्मीकांतराव आले ते खताची पोती घेऊनच. उदयसिंहरावांनी पोती फाटकात उतरवली, अंगणावर नजर टाकली, आणि सैनिकाच्या घराण्यातला माणूस कधी माघार घ्यावी हे जाणतो, म्हणून ते लगेच आपल्या घरात गेले.

"कुंड्या?" लक्ष्मीकांतराव म्हणाले.

"वाणात दिल्या. काहीतरी जिवंत द्या म्हणाला होतात."

"सगळ्या?"

"सवाष्णी पुष्कळ आल्या."

ते पोत्यावर बसले. खताचा वास अंगणभर पसरला. "परत मागता येतील," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. लुटलेलं वाण परत मागायचं नसतं, आणि त्यातून नवऱ्याच्या दीर्घायुष्याचं वाण नवऱ्याने स्वतः दारोदार जाऊन परत मागायचं, हे दिवाणसाहेबांच्या उजव्या हाताच्या नातवालाही जमण्यासारखं नव्हतं. "निदान मला विचारायचं तरी होतंस. जीव लावला होता मी."

हे खरं होतं, आणि निरुपमाबाईंना ते लागलं. त्यांच्या मनात आलं, फार केलं आपण. पण त्या उठल्या नाहीत.

"टोमॅटो आता कुठेही बसतील," त्या म्हणाल्या. "जसुबेनच्या गच्चीवर बसतील, कौशल्याच्या पायरीवर बसतील. मी कुठेही बसू शकत नाही. मी इथे बसते."

लक्ष्मीकांतरावांनी मान वर केली. या खेपेला सूर्याकडे नाही. खुर्चीतल्या बाईकडे, तिच्या उन्हात पसरलेल्या गुडघ्यांकडे, शेजारच्या तुळशीच्या गळलेल्या पानांकडे ते बघत राहिले. फरशीवर अजून कुठे कुठे खडूच्या रेघा होत्या. त्या सगळ्या खुर्चीच्या पायांपाशी येऊन मिळत होत्या.

"तू रोज इथे बसायचीस?"

"रिटायर झाल्यापासून."

"मला दिसली कशी नाहीस?"

या प्रश्नाला निरुपमाबाईंकडे पुष्कळ उत्तरं होती. चांगली टोचणारी, वर्षानुवर्षं धार लावलेली. पण त्याने ते खरोखरच विचारलं होतं, म्हणून त्यांनी एकही दिलं नाही.

लक्ष्मीकांतराव आत गेले. आत काहीतरी ओढल्याचा आवाज झाला आणि ते जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची घेऊन बाहेर आले. ती त्यांनी तिच्या शेजारी ठेवली आणि बसले.

"इथे ऊन छान येतं गं," ते म्हणाले.

"तुम्हीच तर शोधून काढलंत," निरुपमाबाई म्हणाल्या. मग डोळे न उघडताच पुढे म्हणाल्या, "जरा पलीकडे सरका. माझ्या गुडघ्यांवर तुमची सावली पडतेय."

लक्ष्मीकांतराव उठले, आणि खुर्ची उचलून पलीकडे सरकले.